यादीत नसलेली वाडी

मी कर्जतला कॉलेजात शिकते. पावसाळा लागला की आमच्या ग्रुपवर दिवसभर व्हिडिओ येत राहतात: भिवपुरीचा धबधबा, उल्हास नदीचा पूर, घाटातलं धुकं. तो पाऊस पाहताना मला इर्शाळवाडी आठवते.

खालापूर तालुक्यात, चौकजवळ, इर्शाळगडाच्या पोटाशी ही आदिवासी ठाकरांची वाडी होती. 19 जुलै 2023 च्या रात्री तिच्यावर दरड कोसळली. शाळेत मोबाइल घेऊन जागी असलेली काही तरुण मुलं वाचली आणि त्यांच्यामुळे खबर बाहेर गेली, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. रात्री मोबाइल पाहणाऱ्या पोरांना आपण किती बोलतो!

मदत मात्र पायीच चढली. वाडीला रस्ता नव्हता, जेसीबी वर जाईना. भर पावसात, चिखलात, फावड्या-कुदळींनी शोध चालला. 27 मृतदेह मिळाले. 57 जण सापडलेच नाहीत. 23 जुलैला शोध थांबवला.

दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं. ही गोष्ट मला फार छळते. यादीतून वाडी सुटली, तरी डोंगरातल्या वाड्यांवर आता फोन पोहोचलेत. जमिनीला गेलेली भेग, एकाएकी गढूळलेला झरा, कललेलं झाड अशा दरडीच्या पूर्वखुणांचा फोटो तलाठ्याकडे, तहसील कार्यालयात जायला हवा, आणि तिथे तो बघणारं माणूसही हवं. सुट्टीत आम्ही मैत्रिणी वाड्यांवरच्या मुलांना भेटणार आहोत. व्हिडिओ काढणं त्यांना शिकवायला नको. काय टिपायचं आणि कुणाला पाठवायचं, तेवढं सांगायचंय.