फाइलमध्ये चूक आहे म्हणे

पोस्टग्रेसच्या कॉन्फिग फाइलमध्ये शेअर्ड बफर्सचा आकडा वाढवा आणि सर्व्हर चालू असतानाच रीलोडचं फंक्शन चालवा. उत्तर येतं, ‘ट्रू’. लॉग उघडलात तर दोन ओळी दिसतील. पहिली: हे सेटिंग रीस्टार्टशिवाय बदलता येत नाही. दुसरी: फाइलमध्ये चुका आहेत, बाकीचे बदल लागू केले. प्रत्यक्षात फाइलमध्ये एकही चूक नाही. आकडा बरोबर, स्पेलिंग बरोबर.

मग खोटं कोण बोललं?

‘ट्रू’चा अर्थ इतकाच, की मुख्य प्रोसेसला सिग्नल धाडला. (तिचं नाव खरोखरच पोस्टमास्टर आहे.) म्हणजे ही खिडकीवरची पावती, पत्रातली मागणी मान्य झाली असं कोणी म्हटलेलंच नाही. दुसरी ओळ येते कारण रीस्टार्टशिवाय लागू न होणारं सेटिंगही कोडमध्ये ‘एरर’च्याच खात्यात जातं आणि शेवटी एकच ठरावीक वाक्य छापलं जातं.

अश्वत्थामा मेला म्हणताना द्रोणाचार्य काय समजतील हे धर्मराजाला पक्कं माहीत होतं, म्हणून तो दोषी. इथे फसवायचा हेतू कोणाचाच नाही. पण हेतूपाशी थांबणं मला पटत नाही. एका टीममध्ये हीच ओळ दाखवून ज्युनिअर मुलीला विचारलेलं मी पाहिलंय, “फाइल चेक केली नव्हतीस का?” तिने केली होती, दोनदा. पण लॉगपुढे तिच्या शब्दाला काय किंमत? माणसाच्या बोलण्याची आपण उलटतपासणी घेतो, यंत्राचं बोलणं थेट पुरावा म्हणून लावतो. म्हणून ‘चूक’ हा शब्द यंत्राच्या तोंडी घालणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते, कमी नाही.

पुढे त्याच टीममध्ये ती ओळ दिसली की सगळे म्हणायचे, “ते येतंच.” वर्क मेमचं एकक चुकीचं लिहिलं, म्हणजे खरीच चूक केली, तरी शेवटी नेमकं तेच वाक्य येतं.

मेसेज लांबवले तर कोणी वाचत नाही, हा बचाव मला अर्धाच मान्य आहे. २०१६च्या जानेवारीत आलेल्या ९.५ आवृत्तीपासून सेटिंग्जच्या व्ह्यूमध्ये ‘पेंडिंग रीस्टार्ट’ असा वेगळा कॉलम आहे. म्हणजे फरक डेटाबेसला ठाऊक आहे. विचारलंत तर सांगतोही. फक्त विचारायचं कुठे हे आधी माहीत हवं, आणि रात्री दोन वाजता ऑन-कॉलवर बसलेल्या नवख्या मुलाला नेमकं तेच माहीत नसतं.