पणजोबा कशाने गेले?



नोव्हेंबर हा मृत भाविकांच्या स्मरणाचा महिना. या दिवसांत मिस्सासाठी नावांची चिठ्ठी देताना कुणीतरी हमखास विचारते, "फादर, आमचे पणजोबा कशाने गेले, ते मूळ गावच्या चर्चच्या वहीत असेल का?"

बहुधा नसते. 1614 च्या रोमन विधिग्रंथाने मृत्युनोंदीचा नमुना घालून दिला. त्यात नाव, वय, तारीख, दफनाची जागा आणि पापनिवेदन, अखेरचा ख्रिस्तप्रसाद व तैलाभ्यंग यांची नोंद आहे. रोगाला जागाच नाही.

तरी शोध घेता येतो. एकच नोंद पाहू नये, मागची-पुढची पाने चाळावीत. ऑक्टोबर 1918 च्या पानावर नावांची दाटी दिसली, तर इन्फ्लुएंझाची साथ आठवावी. प्लेग मुंबईत आला 1896 साली. तैलाभ्यंगाची नोंद नसेल, तर मरण अचानक आले असेल. पटकी सकाळी लागून संध्याकाळी माणूस न्यायची. (किंवा भर पावसात फादरच पोहोचले नसतील!)

सर्वत्र सक्तीची मृत्युनोंद 1969 च्या कायद्याने आली. पण त्याआधीही गावचा पाटील मृत्यू कळवीत असे. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, तहसील कचेरीत मिळाले तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे. मात्र सरकारी सदरे मोजकीच होती: पटकी, देवी, ताप, हगवण, अपघात. कशातच न बसणारे मरण पुष्कळदा 'तापा'त जाई. आपले तानसा धरण पुरे झाले 1892 साली आणि डासात हिवतापाचे जंतू रॉस यांना सापडले 1897 साली. तोवर कोणता ताप हे पाटलाने कसे ओळखावे?

हे एवढ्यासाठी लिहितो की काही घरांत अजून कुजबुज चालते: आठवड्यात तिघे गेले, ती अमक्याच्या घरची करणी. त्या घरचे पाणीही कुणी घेत नाही. आणि त्याच पानावर, त्याच आठवड्यात, त्या 'अमक्या'च्याही घरची दोन नावे निघाली तर? सिलोआमचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती असे समजू नका, असे प्रभूने लोकांना बजावले (लूक 13).

ज्यांना शोध घ्यायचा आहे त्यांनी रविवारी मिस्सानंतर भेटावे. मूळ गाव वसईकडचे असेल, तर तिथल्या फादरांच्या नावे आम्ही पत्र देऊ. वही पाहायला जाताना त्या दुसऱ्या घरच्याही कुणाला सोबत न्यावे.