अमानत आणि अणुकचरा

भंगार म्हणजे अशी वस्तू, जिच्यावरचा हक्क मालकाने सोडून दिलेला असतो. पण हक्क सोडला म्हणजे जबाबदारीही सुटते काय? हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. वस्तू किरणोत्सारी असेल तर मात्र तो जीवनमरणाचा होतो.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडातून एक उपकरण आणले होते. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. वापर थांबल्यावर ते दोन दशकांहून अधिक काळ तसेच पडून राहिले आणि फेब्रुवारी २०१० मध्ये लिलावात भंगार म्हणून विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात ते फोडण्यात आले. एकाने त्यातला तुकडा आपल्या पाकिटात ठेवला. एक माणूस दगावला, अनेकांना किरणोत्साराची गंभीर बाधा झाली. ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात १९८७ साली असेच घडले होते. बंद पडलेल्या दवाखान्यात सोडून दिलेले सीझियम-१३७ भंगारात गेले. त्याची निळी चमक पाहून लोकांनी ते कौतुकाने घरोघर वाटले. चौघे मरण पावले, त्यात एक सहा वर्षांची मुलगी होती.

आपल्याकडे नियम नव्हते असे नाही. किरणोत्सारी कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम १९८७ सालचे आहेत, किरणोत्सार संरक्षणाचे २००४ सालचे. उपकरण निकामी झाले की त्यातला पदार्थ पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडे सोपवायचा असतो. नियम कागदावर होता, पण ती वस्तू काय आहे याची आठवण कोणाच्या जबाबदारीवर उरली नव्हती.

आपल्या धर्मविचारात अमानत ही कल्पना फार मोठी आहे. अमानत म्हणजे केवळ शेजाऱ्याने ठेवायला दिलेले पैसे नव्हेत. ज्ञान हीसुद्धा अमानत आहे. त्या लोखंडी पेटीत काय आहे हे विद्यापीठाला ठाऊक असायला हवे होते. हातोडा मारणाऱ्या मजुराला ते ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. जाणणाऱ्यावर न जाणणाऱ्याचा हक्क असतो. भंगाराचा धंदा आपल्या अनेक वस्त्यांतल्या घरांची चूल पेटवतो, म्हणून हा हक्क आपल्याला अधिक जवळचा वाटला पाहिजे. पण तो केवळ आपला नाही, प्रत्येक अजाण माणसाचा आहे.

आता काळाचा हिशेब पाहू. कोबाल्ट-६० ची तीव्रता सव्वापाच वर्षांत निम्मी होते. पन्नासेक वर्षांत ती हजाराव्या हिश्श्यावर येते. एक पिढी जागी राहिली तरी भागते. अणुभट्टीत तयार होणाऱ्या प्लुटोनियम-२३९ ला निम्मे व्हायला मात्र २४,१०० वर्षे लागतात. भारतात वापरलेल्या इंधनावर पुन्हा प्रक्रिया करतात आणि उरलेला तीव्र कचरा काचेत बंदिस्त करतात. फिनलंडने ओल्किलुओटो येथे चारशेहून अधिक मीटर खोल खडकात वापरलेले इंधन पुरण्यासाठी बोगदे खोदले आहेत. तरीही इतक्या दीर्घ काळाची हमी कोण देणार?

आपल्याला वक्फ माहीत आहे. वाकिफ आपली मिळकत कायमची बांधून टाकतो, तिचा लाभ पुढच्या पिढ्यांना मिळत राहतो आणि मुतवल्ली बदलत राहतात. अणुकचरा हा जणू उलटा वक्फ आहे. लाभ आपण घेतला, बांधून ठेवले ते ओझे, आणि मुतवल्ली नेमले ते अजून जन्मालाही न आलेले लोक. त्यांना आपण विचारलेले नाही, विचारूही शकत नाही. ज्या वक्फचा लाभ डोळ्यांपुढे असतो, त्याची दप्तरेही शंभर वर्षांत गहाळ होतात. मग ज्यात केवळ ओझे आहे त्याचे दप्तर कोण जपेल?

यावर कोणी म्हणेल, कोळशाचा धूरही पुढच्या पिढ्यांच्याच माथी जातो, आणि कोबाल्टने कर्करोगाचे रुग्णही बरे होतात. हे खरे आहे. त्यामुळे माझा प्रश्न वापर करावा की नाही असा नाही. पहारा कोणाचा, हा आहे.

जुन्या इस्लामी शहरांत मुहतसिब बाजारातली वजनेमापे तपासत असे. तो व्यापाऱ्याचा नोकर असता तर त्याच्या तपासणीला अर्थ उरला नसता. आपले अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले, पण ते अणुऊर्जा आयोगालाच उत्तरदायी राहिले. देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात याच दुबळेपणावर बोट ठेवले. वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांपैकी सुमारे ९१ टक्के नोंदणीविना चालत असल्याचेही त्यात म्हटले होते. स्वतंत्र प्राधिकरणाचे २०११ चे विधेयक मंजूर न होताच बाद झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्याने मंडळाला कायद्याचा आधार दिला आणि खासगी कंपन्यांनाही या क्षेत्राचे दार उघडले. व्यापारी वाढणार असतील तर मुहतसिबाचा कणा अधिक ताठ हवा.

आणि विचारणाऱ्याचा मान राखला जायला हवा. जैतापूर प्रकल्पाच्या वेळी साखरी नाटेच्या मच्छीमारांनी समुद्रात सुटणाऱ्या गरम पाण्याबद्दल, मासळीबद्दल, आपल्या रोजीबद्दल विचारले. त्यांत मुस्लीम कुटुंबे मोठ्या संख्येने होती. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात एक जण ठार झाला. तुम्हाला विज्ञान कळत नाही, हे अशा प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. ज्याला कळत नाही, त्याला समजेल अशा भाषेत सांगणे हे जाणणाऱ्याचे कर्तव्य आहे.

२००७ साली आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने धोक्याचे एक नवे चिन्ह प्रसिद्ध केले. लाल त्रिकोणात किरणे, कवटी आणि पळणारा माणूस. अक्षर न येणाऱ्यालाही ते कळावे असा हेतू आहे. भंगाराच्या प्रत्येक बाजारात आणि प्रत्येक शाळेच्या भिंतीवर, मग ती मराठी असो वा उर्दू, ते लागायला काय हरकत आहे? दहा हजार वर्षांनंतरच्या माणसाला आपण काय सांगणार, हा प्रश्न मोठाच आहे. पण आज हातोडा उचललेल्या माणसाला सांगण्याइतकी भाषा आपल्याजवळ नक्कीच आहे. अमानतीची सुरुवात तिथून व्हायला हवी.