गृहस्थाचा जमाखर्च

खरेदीखतावर सही होऊन पहिल्या घराचा ताबा मिळाला, की उरलेल्या मोजक्या शिलकीतून प्रथम कशाची तरतूद करावी, हा प्रश्न वरकरणी हिशेबाचा असला, तरी मुळात तो धर्माचा आहे. कारण अर्थाला पुरुषार्थाचे स्थान देणाऱ्या आपल्या परंपरेने त्याला धर्माच्या मर्यादेतच ठेवले आहे. पतंजलीने योगसूत्रांत पाच यमांमध्ये गणलेला अपरिग्रह गृहस्थाने आचरायचा, तो दारिद्र्य पत्करून नव्हे, तर गरज आणि हव्यास यांतील भेद ओळखून. म्हणून पावसाळ्यापूर्वी गच्चीची गळती थांबवणे, जीर्ण वीजतारा बदलून अर्थिंग तपासून घेणे, सांडपाण्याचा निचरा नीट करणे, ही कामे जीवरक्षणाची असल्याने अग्रक्रमाची होत. संगमरवरी फरशी आणि नक्षीदार छत ही त्यानंतरची, आणि तीही कर्जाचा हप्ता व आजारपणासाठी राखलेली गंगाजळी अबाधित राहत असेल तरच. या अंदाजपत्रकात कारागिरांच्या मजुरीची रक्कम मात्र प्रारंभीच वेगळी काढून ठेवावी. कारण जिच्या डागडुजीत गवंड्याचे कष्टाचे पैसे थकले आहेत, ती वास्तू कोणत्याही वास्तुशांतीने पवित्र होत नाही.