बाणाचे टोक कोणी धरावे?

मशिदीतून किंवा बाजारातून बाण नेणाऱ्याने त्याचे टोक हाताने धरावे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत आहे. इजा करण्याचा हेतू नसणे एवढेच तेथे पुरेसे नाही. जबाबदारी बाण बाळगणाऱ्याची आहे.

धायरीतल्या दवाखान्यात वापरलेली सुई हाही बाणच होय. तिच्यातून हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही पसरू शकतात. म्हणून तिला पुन्हा टोपण न लावता, २०१६ च्या नियमांप्रमाणे, भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात तत्काळ टाकावे. घरी इन्सुलिन घेणाऱ्यानेही सुई कचऱ्यात मोकळी टाकू नये. परिचारिकेचा, सफाई कामगाराचा, कचरा वेचणाऱ्या भगिनीचा हात ही आपल्याकडे अमानत आहे. त्या हाताला सुई टोचली, तर ‘माझा तसा हेतू नव्हता’ हे उत्तर अल्लाहसमोर पुरेल काय?