वस्त्र थोडे, पण खरे



श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील 22 व्या श्लोकात भगवंतांनी देहाला वस्त्राची उपमा दिली आहे. मनुष्य जीर्ण वस्त्र टाकून नवे घेतो, तसा आत्मा देह बदलतो. त्यातील 'जीर्ण' हा शब्द आपण विसरतो. वस्त्र झिजेपर्यंत वापरावे, हे तेथे गृहीतच आहे. आपल्या पेटीत मात्र न झिजलेली वस्त्रे पावसाळ्यात बुरसतात आणि चतुर्थी आली की आपण पुन्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराची वाट धरतो. पतंजलींनी यमांत सांगितलेला अपरिग्रह तो हाच काय?

गतवर्षी मीही स्वस्त पाहून तीन धोतरे घेतली. पहिल्याच पावसाळ्यात दोन विरली. तिसऱ्याच्या काठाचा रंग उतरला. वडिलांची दोन धोतरे मात्र अनेक वर्षे देवाच्या सेवेत आहेत. ते एवढेच म्हणाले, "अरे, मी दाम एकदाच दिले."

त्यांनी शिकविलेली पारख साधी आहे. कापड उजेडापुढे धरून वीण दाट आहे की नाही पाहावे. ओल्या पांढऱ्या फडक्याने काठ घासून रंगाची परीक्षा घ्यावी. मुलांच्या सदऱ्याच्या शिवणीत कापड राखलेले असावे, म्हणजे पुढे तो सैल करता येतो. आपल्या दमट हवेत सूतच घाम शोषते. कृत्रिम धाग्याचे वस्त्र लवकर वाळते खरे. परंतु होमाची ठिणगी पडल्यास ते वितळून अंगाला चिकटते. देवकार्यात ते टाळावे.

परंतु ही पारख कापडापुरतीच असावी. पालखीच्या रात्री एक मुलगा दीपस्तंभाआड उभा होता. नवे कपडे नाहीत म्हणून तो पुढे येत नव्हता. त्याचा सदरा स्वच्छ धुतलेला, ठिगळ नीट शिवलेले. त्याला ही लाज कोणी शिकविली? आपल्या नजरांनी, आणि त्यांत माझीही होती, हे मला कबूल केले पाहिजे. संत नामदेव शिंप्याच्या कुळातले, संत कबीर विणकर. गाडगेबाबांनी तर 1956 साली देह ठेवीपर्यंत चिंध्याच पांघरल्या. त्यांच्यापुढे आपल्या जरीकाठाची काय मातब्बरी?

म्हणून येत्या चतुर्थीस ऋण काढून वस्त्रे घेऊ नयेत. एकच घ्यावे, पण चांगले घ्यावे. जुने धुऊन, सांधून नेसावे आणि निःशंकपणे देवळात यावे. पुढे येणाऱ्यास आपण वाट द्यावी. देव काठ पाहत नाही.

श्रीचरणी हीच प्रार्थना.