रिकाम्या खोक्याची मूळ प्रत

‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या जानेवारी 1975च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर 8800’ झळकला. घरी बसून जोडायचा, चारशे डॉलरच्या आत मिळणारा कॉम्प्युटर. एड रॉबर्ट्स यांच्या कंपनीने अल्बुकर्कीहून न्यूयॉर्कला धाडलेला चालू नमुना वाटेतच गहाळ झाला होता, म्हणून फोटोसाठी पोकळ डबा मांडावा लागला. दर्शनी बाजूला दिवे आणि खटके, आत काही नाही. वाचकांनी त्या डब्याकडे पाहून आणि सोबतचा लेख वाचून इतक्या ऑर्डरी पाठवल्या की कंपनीला त्या आवरेनात. आज कुणी तोच लेख पुढ्यात ठेवून, इंटेलच्या 8080 चिपभोवती तेच विद्युतमंडल (सर्किट) नव्याने जोडलं, तर पाहणारा कौतुकाने म्हणतो, ‘हुबेहूब नक्कल!’ पण नक्कल कशाची? जिची नक्कल करायची ती पहिली वस्तू हरवलेली, आणि जगाने पाहिली ती तर आतून रिकामी. जुन्या छंदमासिकांतली मंडलं पुन्हा बांधणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येत नाही, आणि तो निव्वळ शब्दांचा खेळही नाही.

वस्तू म्हणजे नेमकं काय, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाला आहे. बौद्ध भिक्षू नागसेनाने राजा मिलिंदाला विचारलं की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का. आणि शेवटी ‘रथ’ हे व्यवहारापुरतं नाव ठरलं. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना हे पटण्यासारखं नव्हतं. त्यांच्या मते अवयवांहून निराळा असा अवयवी खरोखर असतो. दोघांचंही लक्ष समोर उभ्या असलेल्या एका रथाकडे आहे. छापील मंडलाची गोष्ट वेगळी. तिथे समोर रथच नसतो, रथ करण्याचा विधी असतो. त्यामुळे मला जवळचं उदाहरण वाटतं ते पार्थिव गणपतीचं. भाद्रपदात शाडूची मूर्ती येते, पोथीतल्या विधीने प्राणप्रतिष्ठा होते, विसर्जन होतं, पुढल्या वर्षी नवी माती. यंदाचा गणपती ही गेल्या वर्षीच्या गणपतीची नक्कल आहे, असं कुणाच्या मनातही येत नाही. जगन्नाथपुरीच्या नवकलेवरात, अगदी 2015 सालच्यासुद्धा, लाकूड बदललं तरी जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत नेला जातो. तिथे हातोहात चालत आलेलं काहीतरी आहे. पार्थिव गणपतीत तसं काही नेलं जात नाही, विधी तेवढा टिकतो. मंडलाचंही तसंच आहे. आकृतीप्रमाणे नीट बांधलेलं प्रत्येक मंडल मूळच असतं, मग ते 1975 सालचं असो की कालचं. संग्रहालयातल्या अल्टेअरला जी किंमत येते ती त्याच्या वयाची आणि त्याला लागलेल्या हातांची.

यावर पहिला आक्षेप जाणत्यांकडून येतो: माल बदलला की मंडल बदलतं. आक्षेप खरा आहे. साठच्या दशकातल्या एखाद्या रेडिओच्या आकृतीत ओसी71 हा जर्मेनियम ट्रान्झिस्टर असेल आणि त्याच्या जागी आजचा सिलिकॉनचा बीसी557 बसवला, तर आवाज फाटका येईल किंवा येणारच नाही. जर्मेनियम जेमतेम 0.2 ते 0.3 व्होल्टला उघडतो, सिलिकॉनला 0.6च्या आसपास लागतात. बायसचे रेझिस्टर बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. मग आकृतीशी प्रामाणिक राहायचं की तिच्या हेतूशी? रेडिओच्या बाबतीत मी हेतूच्या बाजूने आहे, कारण स्टेशन स्वच्छ लागावं यासाठीच आकृती काढली होती. पण 1966 सालच्या ‘फझ फेस’ या गिटारच्या पेडलची गोष्ट उलटी. त्याचा तो खरखरीत, उन्हाळ्यात बिघडणारा सूर जर्मेनियमच्या गळतीतून येतो. तिथे सिलिकॉन घातलं की वेगळीच वस्तू तयार होते. (शाडू की प्लॅस्टर, हा वादही याच जातीचा, त्यात पडलं तर हा लेख संपायचा नाही.) म्हणजे कोणता बदल चालेल हे आकृतीच्या रेषांवरून ठरत नाही, वस्तू कशासाठी होती यावरून ठरतं. ‘विधी’ या शब्दात हा हेतूही येतो, एवढी दुरुस्ती मी माझ्या म्हणण्यात करून घेतो.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. सगळं विधीतच असेल तर सोल्डरिंगचा खटाटोप कशाला? ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्याच ऑगस्ट 1976च्या अंकातला जोसेफ वाइसबेकर यांचा ‘कॉस्मॅक एल्फ’ घ्या. आरसीएची 1802 चिप आणि 256 बाइट मेमरी. कळफलक नाही, आठ खटके खाली-वर करून एकेक बाइट भरायचा. 0111 1011 लावा, बटण दाबा, यंत्र चालू करा, की ‘क्यू’ नावाच्या पिनेवरचा दिवा लागतो. आजच्या फोनवर या एल्फची सॉफ्टवेअरमधली प्रतिकृती हुबेहूब चालते, तीही दिवा लावते. मग ती मूळ का नाही? इथे न्यायसूत्रांतला एक जुना युक्तिवाद कामी येतो: ‘अग्नी’ म्हटल्याने तोंड भाजत नाही. फोनमधला एल्फ विजेविषयी अचूक बोलतो, पण त्यातली वीज फोनची असते. खऱ्या खटक्याचा पत्रा दाबल्यावर काही मिलिसेकंद थरथरतो आणि एका दाबाचे चार दाब होऊ शकतात. म्हणून मंडलात ती थरथर गिळणारा भाग घालावा लागतो. फोनवर तो भाग घातला काय नि गाळला काय, दिवा लागतोच. जी चूक करताच येत नाही, तिच्यावरचा उपायही तिथे अर्थहीन होतो. विधी करायचा असतो तो यासाठी.

आकृती हीच मूळ प्रत मानली तर तिच्या पाठाची काळजीही घ्यावी लागते. भांडारकर संस्थेने 1966 साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद तळटीपांत जपले आहेत. जुन्या छंदमासिकांतही डायोड उलटा छापला जाई, रेझिस्टरच्या किमतीतलं शून्य गळे, आणि एक-दोन महिन्यांनी कुठल्यातरी कोपऱ्यात चार ओळींची दुरुस्ती येई. जुने अंक स्कॅन करणारे बहुधा प्रकल्पाची पानं जपतात आणि हा कोपरा सोडून देतात. तुमच्या माळ्यावर अशा अंकांचा गठ्ठा असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी पुढचे दोन-तीन अंकही चाळा आणि ती दुरुस्ती मूळ पानाला टाचून ठेवा.